पुन्हा तेच गाणं

क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन वाद्यचौकडीनं २००५ साली आशा भोसले यांना बरोबर घेऊन 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' हा अल्बम काढला. गाणी सगळी राहुल देव बर्मन यांची. तालवाद्यांवर झाकीर हुसेन, पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. गीतयादीत प्रत्येक मूळ नावापुढे त्याचा इंग्रजी अर्थ दिलेला आहे. अनुवादकाची खोड म्हणून गाणी ऐकण्याआधी मी ती यादी वाचली. 'दम मारो दम'पुढे जे इंग्रजी आहे त्याचं मराठी केलं तर 'आणखी एक झुरका घे' असं काहीसं होईल. तसं पाहिलं तर त्यात चूक काढण्याजोगं काही नाही. पण 'दम' या शब्दात झुरका आहे तसा श्वासही आहे. आपण दम खातो, दम धरतो, जिना चढून आलं की आपल्याला दम लागतो, आणि एखाद्याच्या गाण्यात दम आहे असंही आपण म्हणतो. इंग्रजीत जाताना झुरका तेवढा पोचला, श्वास अलीकडेच राहिला.

या अल्बमबद्दल विचारायचा प्रश्नही श्वासाचाच आहे. तो निघाला तेव्हा आशाबाई बहात्तराव्या वर्षात होत्या. 'दम मारो दम' त्यांनी गायलं ते 'हरे रामा हरे कृष्णा'साठी, १९७१ साली. 'पिया तू अब तो आजा' त्याच वर्षीच्या 'कारवाँ'मधलं. 'चुरा लिया है तुमने' १९७३च्या 'यादों की बारात'मधलं. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच गाण्यांकडे, त्याच शैलीकडे परत जाण्यात नेमकं काय साधतं आणि काय हातचं जातं? वर्तमानपत्रं अशा वेळी 'दमदार पुनरागमन' असा ठरलेला मथळा देतात आणि विषय संपवतात. संगीताच्या बाबतीत परत येण्याच्या तऱ्हा अनेक असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. आशाबाईंच्या उत्तरायुष्यात त्यातल्या निदान तीन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात, म्हणून हे उदाहरण तपासावंसं वाटतं.

परत यायचं म्हणजे आधी कुठं तरी गेलेलं असावं लागतं. आशाबाई गाण्यातून कधी गेल्या नव्हत्या. १९४३ साली दहाव्या वर्षी 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांच्या चालीवर त्या पहिल्यांदा गायल्या, तेव्हापासून खंड असा पडलेला नाही. १९८१ साली खय्याम यांच्या 'उमराव जान'नं आणि १९८७ साली पंचमच्या 'इजाजत'नं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. गेली होती ती शैली. 'तीसरी मंझिल'पासून, म्हणजे १९६६पासून, पंचम आणि आशा या जोडीनं हिंदी चित्रपटाला एक नवी भाषा दिली होती. तिच्यात बेस गिटार होती आणि नेपाळी मादलही, बाटलीत फुंकर मारून काढलेला आवाज होता, काचेवरची किणकिण होती, आणि या सगळ्यांमधून वाट काढत जाणारा, उसासा-हुंकार-हसू यांना सुरांइतकाच मान देणारा एक आवाज होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पंचमकडचं काम आटलं. अनुराधा पौडवाल, कविता कृष्णमूर्ती, अलका याज्ञिक यांचे आवाज पुढं आले. ४ जानेवारी १९९४ला पंचम गेले. ती भाषा बोलणाऱ्या दोघांपैकी एकजण उरलं.

पहिली तऱ्हा 'रंगीला'ची. हा चित्रपट ८ सप्टेंबर १९९५ला, आशाबाईंच्या बासष्टाव्या वाढदिवशी, प्रदर्शित झाला. पडद्यावर विशीतली ऊर्मिला मातोंडकर आणि मागे हा आवाज. ए. आर. रहमान यांनी सत्तरच्या दशकातला वाद्यमेळ परत आणला नाही. ध्वनी पूर्णपणे नव्या काळाचा, संगणकावर रचलेला. त्यांनी परत आणली ती आशाबाईंच्या गळ्यातली फेक: शब्दाच्या शेवटी सूर किंचित सोडून देण्याची, ओळीच्या मध्येच खट्याळपणे अंग चोरण्याची ढब. 'तनहा तनहा' ऐकताना कुठलंही जुनं गाणं आठवत नाही, पण ही बाई आपल्या ओळखीची आहे हे पहिल्या ओळीतच कळतं. 'फिल्मफेअर'नं त्यासाठी खास पुरस्कार दिला. व्याकरण जुनं आणि वाक्य नवं, असं हे परत येणं आहे.

दुसरी तऱ्हा रिमिक्सची. नव्वदच्या दशकात पंचमच्या गाण्यांना नवा ठेका लावून ती पुन्हा बाजारात आणायची लाट आली आणि त्यात खुद्द आशाबाईही उतरल्या. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली. 'चालींची विटंबना' वगैरे शब्द वापरले गेले. मला तो आक्षेप अर्धवट वाटतो. चाल तर जशीच्या तशीच होती. बदलला होता तो ठेका, आणि पंचमच्या बाबतीत ठेका म्हणजे गाण्याचं नेपथ्य नव्हे, ती रचनाच असते. 'चुरा लिया'च्या सुरुवातीची काचेची किणकिण काढून टाकली तर पुढच्या सुरांना पाय ठेवायला जमीन राहत नाही. अर्थ राखला आणि लय फेकून दिली, असं एखाद्या कवितेच्या अनुवादाबद्दल आपण म्हणतो तेव्हा कविताच हरवली असं आपल्याला म्हणायचं असतं. रिमिक्समध्ये नेमकं तेच घडलं. १९९७ साली लेस्ली लुईस यांच्याबरोबर केलेला 'जानम समझा करो' हा अल्बम त्यापेक्षा प्रामाणिक होता. तो उघडपणे नव्या पिढीचा पॉप होता आणि त्यानं आशाबाईंना एमटीव्ही पाहणाऱ्या मुलांपर्यंत नेलं.

तिसरी तऱ्हा क्रोनॉसची. तिच्याकडे वळण्याआधी मला दोन शब्द उसने घ्यायचे आहेत. ते मी राहते त्या मुलखातले आहेत.

भिलाईपासून जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानीसाठी ओळखल्या जातात हे मराठी वाचकाला माहीत असेल. त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या नोकरीत होत्या हे कदाचित माहीत नसेल. पंडवानीत महाभारताची कथा सांगण्याच्या दोन शैली मानतात. वेदमती शैलीतला गायक बसून गातो आणि ग्रंथाला धरून राहतो. हा ग्रंथ म्हणजे सबलसिंह चौहानांचं दोहा-चौपाईतलं महाभारत. झाडूराम देवांगन हे या शैलीतलं मोठं नाव. कापालिक शैलीतला गायक उभा राहतो. त्याची कथा ग्रंथात नसते, ती 'कपाळात', म्हणजे स्मरणात असते. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. तीजनबाई कापालिक शैलीच्या. बायकांनी बसूनच गायचं अशी रीत असताना त्या उभ्या राहिल्या. एखाद्या मैफलीत दुःशासनवध जसा झाला तसा तो पुढच्या मैफलीत होईलच असं नाही. कथा मात्र तीच असते आणि ऐकणारा प्रत्येक जण ती आधीपासून जाणत असतो.

जुन्या शैलीकडे परत जाण्याच्याही या दोनच वाटा आहेत असं मला वाटतं. वेदमती वाटेनं जाणारा जुनी ध्वनिमुद्रिका हाच ग्रंथ मानतो. आमच्याकडे गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचा निवेदक गायिकेची ओळख करून देताना 'हूबेहूब' हा शब्द वापरतो आणि श्रोत्यांनाही तेच हवं असतं. सुस्कारा मूळ मुद्रिकेत जिथं आहे तिथंच यायला हवा. मागंपुढं झाला की कुजबुज होते. या शैलीला कमी लेखायचं कारण नाही, तिच्यातही साधना लागते. पण मूळ गायिका स्वतःच परत येते तेव्हा पेच पडतो. तिनं वेदमती वाट धरली तर तिला स्वतःचीच नक्कल करावी लागते, आणि तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःशी स्पर्धा करून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

आता क्रोनॉस. डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ साली ही चौकडी स्थापन केली. पंचमशी तिचा संबंध आधीपासूनचा: २०००च्या 'क्रोनॉस कॅराव्हॅन'मध्ये त्यांनी 'आज की रात' हे 'अनामिका'मधलं गाणं वाजवलं होतं. २००५च्या अल्बममध्ये त्यांनी जे केलं ते एका अर्थी कडक वेदमती काम आहे. पंचमच्या वाद्यमेळातला प्रत्येक आवाज त्यांनी ग्रंथासारखा वाचला आणि तंतुवाद्यांवर उतरवला. मुळात जे गिटार, ऑर्गन किंवा ब्रास वाजवत होते ते व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो वाजवू लागतात. चार वाद्यांत ते मावत नाही, म्हणून वादनाचे थर एकावर एक चढवले जातात. यात आदर आहे आणि अभ्यासही आहे. पंचम हा फक्त चालीचा संगीतकार नव्हता, ध्वनीचा संगीतकार होता, हे आपल्याकडच्या रिमिक्सवाल्यांना उमगलं नव्हतं. ते या परक्या मंडळींना नेमकं उमगलं.

या आदराची एक किंमत मात्र मोजावी लागते. पंचमच्या मूळ मुद्रिकांत खोडसाळपणा आहे. 'पिया तू'मध्ये ते स्वतः मध्येच ओरडतात, वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, सगळं आता कोसळेल की काय असं वाटतं. क्रोनॉसच्या हातात तो धसमुसळेपणा नीटनेटका होतो. दारूच्या अड्ड्यावरचं गाणं सभागृहात आल्यासारखं वाटतं. तळटीप देऊन विनोद समजावून सांगणारा अनुवादक असतो, तसं काहीसं. टीप बरोबर असते, फक्त हसू येत नाही.

आणि आवाज? इथं अल्बम एकसारखा नाही, आणि तो एकसारखा नाही याच गोष्टीत मला त्याचा खरा अर्थ सापडला. 'दम मारो दम' आणि 'पिया तू' या गाण्यांना एक वय आहे. ती बोलणारी मुलगी गाण्याच्या आत आहे. तिची बेफिकिरी तरुण शरीराची बेफिकिरी आहे. आशाबाई ती अचूक आठवतात. फेक तीच, जागा त्याच, उसासा तिथंच. पण आवाज आता जाड झालाय, लांब स्वराच्या टोकाला किंचित थरथर येते, आणि श्वास मोजून घेतलेला कळतो. कौतुक वाटतं ते 'या वयातही' या शब्दांसकट वाटतं, आणि ज्या कौतुकाला हे दोन शब्द लागतात ते कलेचं नसतं, तब्येतीचं असतं.

मराठी रसिकाला हा अनुभव नवा नाही. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. पण चित्रपट हे त्यांचं माध्यम नव्हतं. ते रंगभूमीवर परतले, पुन्हा लुगडं नेसून नायिका म्हणून उभे राहिले. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. गाणं तेच होतं, लोक 'वन्स मोअर'ही देत होते, पण तो सगळा प्रवास आपल्या वाङ्मयात हळहळीच्या सुरातच नोंदला गेला. माझ्या मते त्यांचं वय हे त्या हळहळीचं मूळ नव्हे. त्या नायिकांना वय वाढण्याची मुभा नव्हती हे मूळ आहे. सिंधू असो की भामिनी, त्या तरुणच राहणार होत्या, आणि प्रेक्षकालाही त्या तशाच हव्या होत्या. परत जाताना कलावंत ज्या घरात शिरतो त्या घरात त्याच्या आजच्या वयाला जागा आहे का, हे पाहावं लागतं.

'वन्स मोअर' ही आपल्या संगीत नाटकाची खास चीज आहे. त्यात श्रोता 'तेच पुन्हा' असं मागतो, आणि चांगला गायक ते कधीच देत नाही. पद तेच असतं, आलाप वेगळा, जागा वेगळी, कधी एखादा शब्दच उलगडून दाखवलेला. खरं तर कापालिक शैली आपल्याकडेही होती, फक्त आपण तिला तसं नाव दिलं नाही. आशाबाई दीनानाथांच्या कन्या. वडिलांची नाट्यपदं त्यांनी पुढं स्वतः गायली आहेत. पुन्हा तेच म्हणजे नक्कल नव्हे, हा संस्कार त्यांच्या घरातलाच होता.

म्हणूनच या अल्बममधलं 'मेरा कुछ सामान' पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखं आहे. हे 'इजाजत'मधलं गुलजार यांचं मुक्तछंदातलं गीत. यमक नाही, ठरलेलं मीटर नाही. हे शब्द पाहून पंचम वैतागले होते आणि उद्या वर्तमानपत्र आणून त्याला चाल लाव म्हणशील असं गुलजारांना म्हणाले होते, हा किस्सा प्रसिद्ध आहे. गाण्यातली बाई एका पुरुषाकडे राहून गेलेल्या आपल्या वस्तू परत मागते. वस्तू म्हणजे काही भिजलेले दिवस, एखादी रात्र, अशा परत करता न येणाऱ्या. १९८७मध्ये हे गाणं विरहाचं होतं. मागणारी आणि ज्याच्याकडे मागायचं तो, दोघंही जिवंत होती. पंचम जाऊन अकरा वर्षं झाल्यावर त्यांचीच बायको, त्यांचीच चाल, हे सामान परत मागते तेव्हा शब्द तेच राहतात आणि ज्याला उद्देशून ते म्हटले तो मात्र बदलतो. चरित्रातला हा तपशील माहीत असल्यामुळे गाणं मोठं वाटतं असं कुणी म्हणेल. मी तो विसरून ऐकायचा प्रयत्न केला. तरीही एक गोष्ट उरते: आवाजातली थरथर इथं उणेपणाची वाटत नाही. ओळ मध्येच थांबते, श्वास पुन्हा घेतला जातो, आणि ते थांबणं चालीत आधीपासूनच होतं असं वाटतं. क्रोनॉसची तंतुवाद्यंही इथं कुणाची नक्कल करत नाहीत. ती शांतपणे जवळ बसून राहतात. या गाण्याला वाढत्या वयाचं वावडं नव्हतं, आणि गाणारीनं ते ओळखलं. ग्रंथ मिटून ती उभी राहून गाते.

तेव्हा 'जुन्या शैलीकडे परत जावं की नाही' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. 'रंगीला'मध्ये शैली परत आली आणि गाणी नवी होती, म्हणून ते साधलं. रिमिक्समध्ये गाणी परत आली आणि शैली मारली गेली. क्रोनॉसच्या अल्बममध्ये दोन्ही परत आली. तिथं प्रत्येक गाण्याचा निकाल वेगळा लावावा लागतो. जिथं गाण्यातली व्यक्ती एका वयात गोठलेली आहे तिथं परत जाणं म्हणजे स्मरणरंजन. जिथं ती गाणाऱ्याबरोबर म्हातारी होऊ शकते तिथं ते नवं काम.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. या अल्बमला 'समकालीन जागतिक संगीत' या गटात ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १९९७च्या 'ब्रिमफुल ऑफ आशा' या कॉर्नरशॉपच्या गाण्यामुळे ब्रिटनमध्ये आशाबाईंचं नाव घराघरात गेलं होतं, पण अमेरिकेतल्या कितीतरी श्रोत्यांच्या कानावर त्यांचा आवाज बहुधा याच अल्बमनं पहिल्यांदा पडला असेल. आपल्यासाठी जे पुनरागमन, ते त्यांच्यासाठी नुसतं आगमन. त्यांना मूळ 'पिया तू' माहीत नाही, म्हणून नक्कल ऐकू येत नाही. 'मेरा कुछ सामान'मागचं जुनं गाणंही माहीत नाही, म्हणून त्यातला फरकही ऐकू येत नाही. मी केलेला सगळा निवाडा दोन्ही मुद्रिका माहीत असणाऱ्याचा आहे. अनुवादावर बोलतानाही माझं हेच होतं: मूळ वाचता येणाऱ्याचा निकाल मी सगळ्यांवर लादते, आणि अनुवाद ज्यांच्यासाठी केलेला असतो त्यांना तो कधीच विचारायचा नसतो. त्या श्रोत्याला 'टेक अनदर टोक' पुरेसं आहे. त्याला श्वास कुठं राहिला हे सांगायला कुणी तरी हवं की नको, याचं उत्तर मी रोज वेगळं देते.